फकीर मुलाणी आणि पहिली मोळी

शेळगावात फकीर मुलाणीचा उजवा हात कसा गेला हे दहा जणांना विचारलं असतं, तर दहा गोष्टी ऐकायला मिळाल्या असत्या, आणि त्या दहाही खुद्द फकीरनंच पुरवलेल्या असत्या. कुणाला त्यानं सांगितलं होतं, की एका शेतकऱ्याचा ऊस काट्यावर कमी भरत होता, बिचाऱ्याचं पडलेलं तोंड बघवेना, म्हणून वरून आपला हात टाकला. कुणाला सांगितलं होतं, की त्या वर्षी कारखान्याचा साखर उतारा वाढला, टनामागं जास्त साखर निघाली, ती काही उगाच नाही. तो टपरीवर आला की लोक सरकून जागा करून द्यायचे. कोपराखाली वीतभर उरलेला हात शर्टाच्या बाहीत नाचवत तो बोलायला लागला, की हसून हसून लोकांच्या बशीतला चहा सांडायचा. एवढ्या मोठ्या प्रसंगातून गेलेला माणूस, पण बघा कसा बिनधास्त आहे, असं जो तो म्हणायचा. फकीरलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

खरी हकिगत अगदी साधी होती. वाघेश्वर सहकारी साखर कारखान्यात तो गव्हाणीवर कामाला होता. गव्हाण म्हणजे गाड्यांतला ऊस जिथं ओततात ती लांबलचक जागा. तिच्या तळाशी लोखंडी साखळी फिरत असते, ती ऊस ओढत वर गिरणीकडे नेते. ऊस अडकला की लांब आकडीनं तो मोकळा करायचा, हे फकीरचं काम. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत दुपारच्या पाळीला एक मोळी आडवी अडकली. आकडी चार पावलांवर भिंतीला टेकवलेली होती. फकीरला ती चार पावलं चालायचा कंटाळा आला आणि त्यानं हात घातला. जोडीदार रावजी बटणापाशी उभा होता. त्यानं गव्हाण बंद केली म्हणून बाकीचा फकीर शिल्लक राहिला. आळसापायी माणसाचं काय काय जातं याचं एवढं उत्तम उदाहरण जवळ असून तो ते कधी कुणाला सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट तो सांगत नसे, आणि ती तर बायकोलाही नाही.

पुण्याच्या दवाखान्यातून सुटल्यावर तो पट्टी बदलायला बारामतीला जायचा. एकदा उन्हाळ्यात सायराबानू सोबत होती. एसटी स्टँडबाहेर रसवंती होती. दीड महिना दवाखान्यातलं फिकं खाऊन आलेल्या नवऱ्याला थंडगार रस पाजावा, असं तिच्या मनात आलं. ती दोन ग्लास सांगून मोकळी झाली. चरक फिरला, त्याची घुंगरं वाजली, चेपलेल्या उसाचा वास आला, आणि फकीरला पुन्हा ती गव्हाण दिसली. अंगाला दरदरून घाम सुटला. तो तिथंच गटाराच्या कडेला बसला. काय होतंय म्हणून सायरानं विचारलं. त्या वेळी मला भीती वाटली एवढे तीन शब्द तो बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गावात बिनधास्त म्हणून नाव झालेला माणूस उसाच्या रसाला घाबरला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो म्हणाला, डॉक्टरनं गोड बंद केलंय, माझ्या रक्तात साखर निघाली.

खोटं बोलताना माणसानं बायको बघून बोलावं. सायराबानू ब्लाउज शिवायची, आणि एकदा माप घेतलं की सुतभर इकडंतिकडं होऊ न देणारी बाई होती. दुसऱ्या दिवसापासून फकीरच्या चहातली साखर बंद झाली. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस त्याच्यापुढं यायला लागला, आणि तो संपेपर्यंत ती समोर उभी राहायची. परसात तिनं कारल्याचा वेल लावला. तो वेल असा काही फोफावला की फकीरला वाटायचं, हा मुद्दाम आपल्यावर सोडलेला आहे. ईदला सगळ्या गल्लीनं शीरखुर्मा खाल्ला आणि यानं भिजवलेल्या मेथ्या चावल्या. साखर कारखान्यात काम करणाऱ्याला साखरेचा आजार व्हावा, यावर टपरीवर चार नवे विनोद झाले. तेही फकीरनंच केले, कडू चहा पीत.

कारखान्यातली माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. चेअरमन हिंदुरावआबा स्वतः घरी येऊन भेटून गेले होते. तुला हलकं काम देऊ, काळजी करू नकोस, असा त्यांनी शब्द दिला आणि तो पाळला. त्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी फकीरला गव्हाणीवरच्या केबिनमध्ये खुर्ची मिळाली. खाली बघायचं आणि ऊस अडकला की रावजीला हाक मारायची. लेबर ऑफिसर म्हणाला, तुझीच जुनी जागा आहे, तुला सगळी माहिती आहे, आणखी काय पाहिजे.  साखळी बंद होती तोवर तो खुर्चीत ऐटीत बसलाही. ती चालू झाली त्या दिवशी त्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि सायकल काढली.

मग पूर्ण हंगामभर त्याच्या नात्यातली माणसं मरत राहिली. तीन मामा गेले. त्याला मामा दोनच होते, आणि दोघंही नरसिंहपूरच्या बाजूला धडधाकट शेती करत होते. मावसभावाचं लग्न दोनदा झालं. टाइम ऑफिसातला कारकून एक दिवस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, मुलाणी, तुमचं घराणं जरा जपा. हंगाम संपल्यावर ऑफिसातून निरोप आला, की पुढच्या हंगामातही असंच चाललं तर नाव कमी करावं लागेल. आता नवा कायदा आलाय, अपंगांसाठी बारामतीला केंद्र निघालंय, तिथं नाव घाल, त्यांचं पत्र आण, म्हणजे कायमची ऑर्डर काढता येईल. घरी दोन एकर कोरडवाहू आणि सायराचं शिलाई मशीन एवढंच होतं. ही नोकरी टिकवायची तर कामावर जायला पाहिजे होतं, आणि कामावर जायचं म्हणजे त्या साखळीपाशी.

शहाण्णवच्या ऑगस्टात एका मंगळवारी फकीर इस्त्रीचा शर्ट घालून भिगवण रस्त्यावरच्या त्या केंद्रात गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी दोन खोल्या होत्या. बाहेर बाक, आत टेबल, आणि टेबलापाशी करुणाताई. ती इंदापूरच्या एका मास्तरांची मुलगी, समाजकार्याचं शिकलेली, वयानं फकीरपेक्षा दहा वर्षांनी लहान. फकीर सरळ आत गेला आणि आपण कारखान्याचा माणूस असल्याचं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं आलात, बाहेर नंबरानं बसा. बाकावर सारजा नावाची पळसदेवची मजूर बाई बसली होती. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. शेताच्या मालकानं तिला लुगडं घेऊन दिलं होतं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. जिथं जाईल तिथं तिच्याकडं मालकाचं पत्र मागायचे. ते तिच्याकडं नव्हतं, म्हणून चार ठिकाणांहून ती परत आली होती. इथं मात्र तिचा नंबर पहिला होता. फकीरला ते जरा लागलं. आपला हात किती मोठ्या यंत्रात गेला आणि हिची बोटं कुठं गेली, असा काहीसा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. पुढं कित्येक वर्षं त्या विचाराची त्याला लाज वाटायची.

दार उघडंच होतं, त्यामुळं आतलं बोलणं ऐकू येत होतं. करुणाताईनं सारजाला कोणतं काम नको ते आधी विचारलं. सारजा पदर सावरत म्हणाली, "बाई, यंत्राचा खडखडाट आयकला की मला भ्या वाटतं. यंत्रापशी नगं. बाकी शेण काढाय लावा, माती उचलाय लावा, कायबी करीन." ताईनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. ना ती हसली, ना तिनं धीर दिला. सारजा जशी आत गेली होती तशीच बाहेर आली आणि बाकावर बसून पान खायला लागली. जे सांगायला नको म्हणून आपण हंगामभर मामा मारत बसलो, ते ही बाई एका दमात सांगून बाहेर येते, हे बघून फकीरला तिचा राग आला.

त्याचा नंबर आला. कुठं बसायला बरं वाटेल, दाराकडं तोंड करून की पाठ करून, असं ताईनं विचारलं. हा काय प्रश्न झाला, असं म्हणत तो दाराकडं तोंड करून बसला. मग ती हात कसा गेला ते विचारेल म्हणून तो वाट बघत राहिला. त्यानं काट्याची गोष्ट घासूनपुसून तयार ठेवली होती. तिनं विचारलंच नाही. जिच्या जोरावर आजवर चहा फुकट मिळाला ती आपली खासियत कुणी मागतच नाही, म्हटल्यावर फकीर अस्वस्थ झाला आणि त्यानं ती न विचारता सांगितली. ताईनं शेवटपर्यंत ऐकलं, पण हसली नाही. म्हणाली, "हे तुम्ही खूपदा सांगितलेलं दिसतंय. इथं सांगायलाच पाहिजे असं काही नाही. मला एवढंच सांगा, कोणत्या जागी काम नको?"

"कायबी चालंल," फकीर म्हणाला.

फॉर्ममध्ये तेवढा एक रकाना होता, कामाची नको असलेली जागा. तो रिकामा राहिला. आजारांच्या रकान्यात मात्र त्यानं ठसठशीत डायबेटीस सांगितला. ताईनं त्याला तपासणीसाठी सरकारी डॉक्टरकडं पाठवलं, आणि स्वतःच्या पायानं जाऊन रक्त देऊन येण्याचं शहाणपण त्यानं केलं.

पुढच्या मंगळवारी ताईनं एक कागद त्याच्यासमोर पालथा ठेवला. म्हणाली, हा तुमचा कागद आहे, मी कुणाला दाखवणार नाही. फकीरनं तो उलटा करून वाचला. साखर चोख होती, कुठंही कमी नाही की जास्त नाही. तो म्हणाला, कारल्याचा गुण बघा म्याडम. ताई त्यावर हसली नाही आणि रागावलीही नाही. "फकीरभाई, तो रकाना अजून रिकामा आहे," ती म्हणाली. "कारखान्याला पत्र पाठवायचंय. तुम्ही सांगितल्याशिवाय मी त्यात काही लिहिणार नाही. तसंच पाठवू?" फकीरनं खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या दुकानातला माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता. फकीर म्हणाला, पाठवा. कागद त्यानं शर्टाच्या खिशात घातला आणि विसरून गेला.

रिकामा रकाना घेऊन पत्र कारखान्यात गेलं, आणि तिथल्या भल्या माणसांनी तो आपल्या परीनं भरला. दिवाळी झाल्यावर लेबर ऑफिसर स्कूटरवरून शेळगावात आला. कायमची ऑर्डर तयार होती, गव्हाणीवरच्या केबिनची. आणि आबांच्या मनात आणखी एक होतं. दर हंगामाला मोळीपूजन होतं, गव्हाणीची पूजा होते, नारळ फुटतो आणि उसाची पहिली मोळी साखळीवर पडते. ती टाकायचा मान कधी एखाद्या संचालकाला, कधी जास्त ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला मिळायचा. आजवर कामगाराला तो कधी मिळाला नव्हता. या वर्षी तो फकीरला द्यायचा, आणि तिथंच सगळ्यांसमोर ऑर्डर हातात द्यायची. ज्या गव्हाणीनं हात नेला तिच्यात उरलेल्या हातानं मोळी टाकायची. आबांना ही कल्पना सुचली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे.

गावानं फकीरला डोक्यावर घेतलं. तो टपरीवर म्हणाला, मान मोठा हाय, फक्त ह्या खेपंला आकडी जवळ ठेवा म्हणावं. लोक हसले. घरी येऊन त्यानं सायराला सांगितलं, तर तिनं मशीन थांबवलं. तुमाला जमंल ना, एवढंच तिनं विचारलं. न जमायला काय झालं, हा म्हणाला. त्यानंतरचे आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. सायराला संशय येऊ नये म्हणून तो रस तेवढा मुकाट पीत राहिला.

मोळीपूजनाच्या दिवशी गव्हाणीला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. फकीरला भगवा-गुलाबी फेटा बांधला, गळ्यात हार घातला. बायकांच्या रांगेत सायरा ठेवणीतली साडी नेसून बसली होती. हिंदुरावआबांनी भाषण केलं. माणसाची हिंमत काय असते ते या फकीरकडून शिका, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. भोंगा वाजला. रावजीनं बटण दाबलं. साखळी एक आचका देऊन सरकली आणि खडखडायला लागली.

फकीर कठड्याशी उभा होता. डाव्या काखेत मोळी होती, पाचटाचा ओला वास नाकात होता. फक्त काख सैल करायची, मोळी आपोआप पडली असती. लहान पोरालाही जमलं असतं. फकीरच्या डोक्यात दोन विनोद तयार होते. पण खाली साखळीच्या पट्ट्या एकामागून एक जायला लागल्या आणि नसलेला उजवा हात बोटांपासून दुखायला लागला.  तो मोळीसकट खाली बसला. फेटा डोळ्यांवर आला. पाचसातशे माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती, आता हा काय बोलतो म्हणून.

"आबा, मला भ्या वाटतंय," फकीर म्हणाला.

आणि सगळा मांडव हसला. अगदी मनापासून हसला. पुढच्या रांगेतल्या संचालकांनी मांडीवर थापा मारल्या. हसून झाल्यावर एक जण मागून म्हणाला, फकीरभाई, परत एकदा होऊ द्या. फकीर परत म्हणाला, खरंच भ्या वाटतंय. ते पहिल्यापेक्षा जास्त रंगलं. आता त्याचं रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडला असता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. दीड वर्ष जिवाचं रान करून त्यानं लोकांना जे शिकवलं होतं, तेच ते करत होते. त्यांना तरी काय बोल लावणार?

रावजी हसत नव्हता. तो बटणापाशी होता, आणि हा चेहरा त्यानं या जागेवरून आधी एकदा पाहिलेला होता. मुहूर्ताला गव्हाण बंद करणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखं, अशी तिथली समजूत. तरी त्यानं ती बंद केली. साखळी थांबली आणि मांडव एकदम गप्प झाला. भटजींच्या हातातली घंटाही थांबली.

त्या शांततेत फकीर तिसऱ्यांदा बोलला. ह्या वेळी त्याला आवाज चढवावा लागला नाही. "हिचा आवाज आयकला की मला परत ते समदं दिसतंय, आबा. पोट दुखत नव्हतं माझं. मामा बी मेलं न्हाईत. मी भ्यालोय."

हिंदुरावआबा उठून आले. कामगाराशेजारी खाली बसायची त्यांना सवय नव्हती, ते कठड्याला धरून कसेबसे बसले. रागावले होते की ओशाळले होते, ते त्यांचं त्यांनाच कळत नसावं. "तुला मान द्यायचा म्हनून केलं रं हे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी घरी आलो हुतो तवाच का बोलला न्हाईस?"

"बोललो न्हाय आबा. तुमाला हसवत बसलो."

पहिली मोळी शेवटी रावजीनं टाकली. गव्हाण पुन्हा चालू व्हायच्या आधी सायरा रांगेतून उठून आली, नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा तिनं काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि त्याला गेटबाहेर आवाज पोचणार नाही एवढ्या लांब नेलं. कायमची ऑर्डर लेबर ऑफिसरच्या खिशात तशीच राहिली. आता नाव कटणार, हे फकीर धरूनच चालला. वर मुहूर्त मोडल्याचं पाप. या हंगामात गिरणीचा साधा पट्टा जरी तुटला तरी लोक आपलंच नाव घेतील, असं त्याला वाटत होतं. 

मंगळवारी तो आपण होऊन बारामतीला गेला. बाकावर सारजा होती. तिला एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम मिळालं होतं, आणि ताईनं तिच्या जुन्या मालकालाही दोनदा बोलावून याच बाकावर बसवलं होतं, हे तिनं मोठ्या चवीनं सांगितलं. मग तिनं विचारलं, तुमचा तो रकाना भरला का. म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं हे तिलाही माहीत होतं. फकीर म्हणाला, आज भरतो. आत जाऊन त्यानं डाव्या हातानं, बालवाडीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, स्वतः लिहिलं: गव्हाण, साखळीचा आवाज, रसाचा वास. लिहायला पाच मिनिटं लागली. 

पुढच्या मंगळवारी लेबर ऑफिसर केंद्रात आला. त्यालाही नंबरानं बसावं लागलं, आणि ते बघायला मिळालं म्हणून फकीरला एसटीचं भाडं वसूल झाल्यासारखं वाटलं. तिघांचं बोलणं झालं. ऑफिसर म्हणाला, आम्ही तर त्याच्या ओळखीची जागा दिली होती. ताई म्हणाली, ओळखीची आहे हीच तर अडचण आहे. तिनं आवाज चढवला नाही की कायद्याचं पुस्तक काढलं नाही. फकीरपुढं तीन कामं ठेवली आणि यातलं कोणतं ते त्यांना ठरवू द्या म्हणाली. फकीरनं कारखान्याच्या शेळगावातल्या गट ऑफिसातली ऊस नोंदणी निवडली. शेतकरी येणार, कोणत्या शेतात किती आणि कोणता ऊस लावला ते सांगणार, यानं ते वहीत मांडायचं. कारखाना तिथून कित्येक मैल लांब. ऑफिसातलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे छताचा पंखा, आणि लाइट नसल्यामुळं तोही बहुतेक बंदच. आठवड्याभरात आबांच्या सहीची नवी ऑर्डर आली.

पहिल्या दिवशी सकाळी फकीर लवकर उठून अंघोळ करून बसला. ऑर्डर उशाखाली होती, ती त्यानं दोनदा काढून बघितली. साऱ्या तालुक्यासमोर खरं बोलून झालं होतं, तरी एक खोटं अजून घरात शिल्लक होतं. सायरा नेहमीप्रमाणं पेला घेऊन आली आणि समोर उभी राहिली. हिरवागार रस, वर फेस. फकीरनं पेला हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाला, ऐक, मला साखर कधी नव्हतीच. रसवंतीपशी मी भ्यालो हुतो, म्हणून तसं बोललो.

सायरा म्हणाली, "ठाव हाय."

फकीरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं कपाटातल्या कपड्यांखालून एक कागद काढला. धुण्यात भिजून वाळलेला, घडीवर फाटलेला. सरकारी दवाखान्याचा शिक्का पुसट झाला होता, पण वाचता येत होता. ऑगस्टात तुमच्या शर्टाच्या खिशात निघाला, ती म्हणाली. शेजारच्या शबीनाकडून वाचून घेतला.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. फकीरनं मनातल्या मनात सगळे पेले डोळ्यांपुढं आणले. "मग ही कारली कशापायी पाजलीस?"

"तुमी कवा सांगताय ते बघत हुते." ती पेला उचलून परसात गेली आणि तो रस तिनं वेलाच्याच बुडाशी ओतला. तिकडं तोंड करूनच ती पुढं म्हणाली, "रसवंतीपशी मी बी तितंच उभी हुते की वं. तुमचं त्वांड मला दिसत नव्हतं व्हय? मला भ्याचं नाव सांगितलं असतं तर मी काय हसले असते?"  

तिनं चहा टाकला आणि त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली. फकीरनं एक घोट घेतला. दीड वर्षाच्या कडू तोंडाला तो इतका गोडमिट्ट लागला की घशाखाली उतरेना. पण आता तक्रार करायला तोंड कुठं होतं? सायरा समोर उभी होती. त्यानं कप पूर्ण संपवला.